देवाची मर्जी, माणसाची मर्जी आणि मरणानंतरचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारची उपासना संपून चहा होतो तेव्हा, मयतीहून परतताना, आणि एकदा तर तुरीच्या शेंगा तोडता तोडता हे प्रश्न मला विचारले गेले आहेत. काही चिठ्ठीवर आले, काही फोनवर. पुन्हा पुन्हा येतात तेच इथं घेतलेत आणि भाषा शक्यतो विचारणाऱ्याचीच ठेवली आहे. मी पाळक (पास्टर) नाही, मंडळीत म्हणजे चर्चमध्ये बायबल शिकवतो एवढंच. जिथं ख्रिस्ती पंथांचं आपसात जमत नाही तिथं तसं सांगितलंय. जिथं मत माझं आहे तिथं ते माझं म्हणूनच वाचावं.

१. माणसाला स्वतःची मर्जी आहे, असं बायबल म्हणतं का?

‘इच्छास्वातंत्र्य’ नावाची शिकवण म्हणून एका जागी मांडलेली सापडणार नाही. पण निवड करायला सांगणं पानोपानी आहे. बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात (३०:१९) मोशे इस्राएल लोकांपुढं जीवन आणि मरण ठेवतो आणि जीवन निवडा म्हणतो. खुंट्याला बांधलेल्या बैलाला कोणी ‘येतोस का?’ विचारत नाही.

दुसरी बाजूही तितकीच ठळक आहे. रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो, जे चांगलं करायचं ते हातून होत नाही आणि जे नको तेच होतं. दारू सोडतो सोडतो म्हणणाऱ्या माणसाला हा अध्याय समजावून सांगावा लागत नाही. म्हणजे मर्जी आहे, पण लंगडी आहे. किती लंगडी, यावरचा जुना वाद प्रश्न ४ मध्ये आहे.

२. सटवीनं कपाळावर लिहिलं ते आणि ‘देवाची योजना’ यात फरक काय? आम्हाला तर दोन्ही सारखंच वाटते.

ख्रिस्ती घरांतही सटवी अजून गेलेली नाही, फक्त तिचं नाव बदललं आहे. म्हणून हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो.

सटवी पाचव्या-सहाव्या रात्री येते, लिहिते आणि निघून जाते. तिचा लेख कोणाला वाचता येत नाही आणि पुसताही येत नाही. त्या लेकराचं पुढं काय होतं, याच्याशी तिला देणंघेणं नसतं. बायबलमधला देव असा लिहून मोकळा होत नाही. योना नावाचा संदेष्टा निनवे शहरात ओरडून सांगतो की चाळीस दिवसांत शहर उलथणार. लोक पश्चात्ताप करतात, शहर वाचतं, आणि आपला शब्द खोटा पडला म्हणून योनाच रुसून बसतो. सटवीचा लेख असता तर निनवे बुडालीच असती. कुंभाराच्या हातातल्या मातीचा दाखला लोक नशिबासाठी देतात, पण यिर्मयाच्या अठराव्या अध्यायात तो उलट अर्थानं येतो: राष्ट्र वळलं तर मीही माझा बेत बदलीन.

आमच्या गावात एकाला पान लागलं, म्हणजे साप चावला. आधी मांत्रिकाकडं नेलं, मग दवाखान्यात, तोवर दोन तास गेले होते. मयतीला जो तो म्हणत होता, देवाची मर्जी. मी तिथं गप्प बसलो, त्याचं मला अजून वाईट वाटतं. ती देवाची मर्जी नव्हती, ते दोन तास होते. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली तेव्हा येशूनं ती इतरांपेक्षा जास्त पापी होती असं मानायला साफ नकार दिला (लूक १३:४). माणसाला मर्जी दिली आहे याचा अर्थच असा, की जगात पुष्कळ गोष्टी देवाच्या मर्जीविरुद्ध होतात. नाहीतर ‘तुझी इच्छा पृथ्वीवरही पूर्ण होवो’ ही प्रार्थना शिकवायचं कारणच नव्हतं.

३. देवाले सगळंच आधी माहीत हाय, मंग आमचा दोष कसा?

मचाणावर जागलीला बसलेल्या माणसाचा दाखला मी देतो. चांदण्यात त्याला दिसतं की रानडुकरं नाल्यातून निघाली आणि भुईमुगाच्या वावरात घुसणार. त्याला दिसलं म्हणून ती घुसत नाहीत. सहाव्या शतकात बोएथियस नावाच्या रोमी विचारवंतानं तुरुंगात मरणाची वाट बघत असताना याच दिशेनं उत्तर दिलं होतं. देवाला ‘आधी’ असं काही नसतं, आपला काल, आज आणि उद्या त्याच्यापुढं एकदमच उभे असतात. त्याचं जाणणं हे भाकीत नाही, ते बघणं आहे.

कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीनं यावर मला गप्प केलं होतं. म्हणाली, काका, मचाणावरच्या माणसानं डुकरं बनवली नाहीत. देवानं तर माणूस बनवला, आणि तो काय करील हे बनवतानाच त्याला माहीत होतं. बरोबर आहे. दाखला तिथं मोडतो. नाही म्हणता येत नसेल तर हो म्हणण्याला अर्थ नाही, इथवर तर्क नेतो. त्यापुढं ख्रिस्ती उत्तर तर्काचं राहत नाही: ज्यानं ही जोखीम घेतली तोच तिची किंमत द्यायला क्रुसावर गेला, असं ते म्हणतं. ज्याला हे पटत नाही त्याला मचाण कितीही रंगवून सांगितलं तरी पटणार नाही.

४. आमचे पाळक म्हणतात देवानं आधीच निवडलंय. शेजारच्या तालुक्यातले म्हणतात माणूस निवडतो. खरं कोणाचं?

भांडण सोळाशे वर्षांचं आहे. पेलागियस नावाचा साधू म्हणाला, माणूस ठरवलं तर स्वतःच्या बळावर नीट जगू शकतो. बिशप ऑगस्टीन (३५४–४३०) म्हणाला, कृपेशिवाय त्याला नीट इच्छाही करता येत नाही. ४१८ मध्ये कार्थेजच्या सभेनं पेलागियसचं म्हणणं नाकारलं. पुढं १५२४–२५ मध्ये हाच वाद कॅथलिक विद्वान इरॅस्मस आणि प्रॉटेस्टंट सुधारक लूथर यांच्यात पेटला. १५४७ मध्ये ट्रेंटच्या कॅथलिक परिषदेनं ठरवलं की पापामुळं मर्जी दुबळी झाली, मेली नाही. दुसरा प्रॉटेस्टंट सुधारक कॅल्विन, त्याच्या अनुयायांनी डॉर्टच्या सभेत (१६१८–१९) निवड सर्वस्वी देवाची असल्याचं पक्कं केलं. अठराव्या शतकात मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीनं मधली वाट धरली: कृपा आधी येते, सगळ्यांकडं येते, आणि तिला हो किंवा नाही म्हणण्याइतकी ताकदही तीच देते.

आता आपल्याकडं बघा. नागपूरला १८४५ मध्ये स्टीफन हिस्लॉप आले ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे, म्हणजे कॅल्विनच्या घराण्यातले. (दगड आणि जीवाश्म गोळा करायचा मोठा नाद. १८६३ मध्ये नागपूरजवळ रात्री पाणी ओलांडताना बुडून गेले.) बुलढाणा-वाशीमकडं नाझरीन मिशन आलं आणि यवतमाळकडं फ्री मेथडिस्ट. हे दोन्ही वेस्लीचे. कॅथलिक सगळीकडं थोडे थोडे. म्हणजे तुमच्या आज्याच्या गावात कोणतं मिशन आधी पोचलं, त्यावर तुमचं ‘माणूस स्वतः निवडतो’ हे मत ठरलं. निवड तुमची नव्हतीच! हे सांगितलं की दोन्ही तालुक्यांतले लोक हसतात, आणि मग जरा कमी जोरात भांडतात.

माझं मत वेस्लीच्या जवळचं आहे. मी वाशीमकडचा आहे, हे लक्षात ठेवूनच ते घ्या.

५. मिसरच्या राजाचं, फारोचं मन देवानंच कठीण केलं, येशूला धरून देणाऱ्या यहूदाचं पाप आधीच लिहिलेलं होतं. मग ते दोषी कसे?

निर्गमाचं पुस्तक सावकाश वाचा. सुरुवातीच्या पीडांत फारो स्वतःच मन कठीण करतो (८:१५, ८:३२). देवानं त्याचं मन कठीण केलं, असं पीडांच्या हकिकतीत पहिल्यांदा येतं ते सहाव्या पीडेला (९:१२). रोज नाही म्हणणाऱ्याला शेवटी नाहीच म्हणता येतं. यहूदाबद्दल प्रश्न ३ पाहा. येशूचा शिष्य पेत्र, त्यानं तर एकाच वाक्यात देवाचा ठरलेला संकल्प आणि मारणाऱ्यांचा दोष दोन्ही सांगितले आहेत (प्रेषितांची कृत्ये २:२३), आणि त्यात त्याला काही अडचण दिसली नाही.

६. मेल्यावर लगेच काय होतं? न्यायाच्या दिवसापर्यंत माणूस असतो कुठं?

बहुतेक मंडळ्या दोन टप्पे मानतात. मरताच आत्मा प्रभूजवळ किंवा त्याच्यापासून दूर. शेवटी सगळ्यांचं पुनरुत्थान आणि जाहीर न्याय. आधार म्हणून शेजारच्या क्रुसावरच्या चोराला दिलेलं वचन सांगतात: आजच तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील (लूक २३:४३). ॲडव्हेंटिस्ट मंडळी मात्र मेलेला माणूस पुनरुत्थानापर्यंत झोपलेला असतो असं शिकवते.

७. शेजारचे काका म्हणतात आत्मा दुसऱ्या जन्माला जातो. बौद्ध मित्र म्हणतो आत्माच नाही. आपलं काय?

आपलं दोघांपेक्षा वेगळं आहे. ख्रिस्ती आशा आत्मा अमर आहे यावर टेकलेली नसून शरीर उठवलं जाईल यावर टेकलेली आहे. पौल बियाण्याचा दाखला देतो (१ करिंथकरांस १५): पेरतो तो दाणा, उगवतं ते झाड. सरकीकडं बघून कापसाचं बोंड कळत नाही, तसंच हे. जन्म एकदाच, मरण एकदाच आणि मग न्याय, असं इब्री ९:२७ सांगतं.

मागच्या जन्मीच्या पापाचा हिशोबही इथं बसत नाही. जन्मांध माणसाकडं बोट दाखवून शिष्यांनी विचारलं, पाप कोणाचं, याचं की आईबापांचं? येशू म्हणाला, कोणाचंच नाही (योहान ९:३). अपंग लेकराच्या आईला एवढं एक वचन दाखवलं तरी पुष्कळ झालं.

८. तिथं आपली माणसं आपल्याला ओळखतील का?

उठलेल्या येशूला मरीया मग्दालीया आधी माळी समजली. त्यानं नावानं हाक मारली तेव्हा तिनं ओळखलं (योहान २०:१६). अम्माऊसच्या वाटेवरच्या दोघांनी भाकर मोडण्यावरून ओळखलं. म्हणजे ओळख राहते, पण चेहऱ्यावरूनच पटेल असं नाही. लग्नाची नाती मात्र तशीच राहणार नाहीत, असं मत्तय २२:३० म्हणतं. एका आजीनं हे ऐकून ‘बरं झालं’ म्हटलं होतं.

९. न्याय कशावर होणार, विश्वासावर की कामावर?

इफिसकरांस २:८ म्हणतं तारण (म्हणजे पापातून सुटका) कृपेनं, विश्वासाच्या द्वारे. प्रकटीकरण २०:१२ म्हणतं पुस्तकं उघडली आणि ज्याच्या त्याच्या कामांप्रमाणे न्याय झाला. दोन्ही धरून ठेवायचं. झाड मुळावर जगतं आणि फळावरून ओळखलं जातं.

१०. आयुष्यभर सावकारी केली, लोकांची वावरं लिहून घेतली आणि मरताना ‘प्रभू क्षमा कर’ म्हटलं. सुटला का?

हा प्रश्न विचारणाऱ्याच्या आवाजात नेहमी राग असतो, आणि तो रास्त आहे.

मत्तयाच्या विसाव्या अध्यायात मळेवाला पहाटे मजूर लावतो, मग नऊला, बाराला, तीनला, आणि शेवटी संध्याकाळी पाचला. मजुरी सगळ्यांना सारखीच. पहाटेपासून उन्हात राबलेले कुरकुरतात. आपल्याकडं कापूस वेचणीचा हिशोब किलोवर होतो, म्हणून ही गोष्ट बायांना तर अजिबात पटत नाही. पण बाजारचौकात पाच वाजेपर्यंत उभा राहिलेला मजूर हौसेनं उभा नसतो, त्याला कोणी नेलेलं नसतं. मळेवाल्याला ते दिसतं.

आता सावकार. क्रुसावरच्या चोराकडं परतफेडीला वेळच नव्हता. जकातदार जक्कयाकडं होता, आणि त्यानं अर्धी मालमत्ता गरिबांना देऊन लुबाडलेलं चौपट परत करतो म्हटलं (लूक १९:८). तेव्हाच येशू म्हणाला, आज या घराला तारण मिळालं. ज्याच्या कपाटात दुसऱ्याच्या वावराचे कागद आहेत आणि अंगात कोऱ्या कागदावर सही करण्याइतकं बळ आहे, त्यानं जक्कयाची गोष्ट वाचावी, चोराची नाही. शेवटच्या श्वासाला काय झालं ते देव आणि तो माणूस जाणे. मी त्या खोलीत नव्हतो.

११. मेलेल्यांसाठी प्रार्थना करावी का? आणि तेरवीला जेवावं का?

कॅथलिक मंडळी करते. कृपेत मेलेल्याचीही शुद्धी बाकी असू शकते असं ती मानते, त्यासाठी मिस्सा (कॅथलिक उपासनाविधी) अर्पण करते आणि २ नोव्हेंबरला सर्व मृतांचा दिवस पाळते. तिचा एक आधार मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात आहे. ते पुस्तक कॅथलिकांच्या ७३ पुस्तकांच्या बायबलमध्ये आहे, प्रॉटेस्टंटांच्या ६६ मध्ये नाही. वादाचं मूळ पुष्कळसं इथंच आहे. प्रॉटेस्टंट मयताचं नाव घेतात ते आभार मानायला.

तेरवीचं म्हणाल तर पितरांना घास ठेवण्याच्या विधीत आपण नसतो. पण भावकीच्या दुःखात पंगतीला बसणं वेगळं आणि विधी करणं वेगळं. मी बसतो. काही मंडळ्यांत हे चालत नाही, तिथं पाळकांना विचारा.

१२. गावात आमची दोनच घरं, दफनाला जागा नाही. जाळलं तर पुनरुत्थान होईल का?

होईल. मातीत गेलेलं शरीरही शंभर वर्षांत मातीच होतं. समुद्रात बुडालेल्यांचं आणि आगीत मेलेल्या हुतात्म्यांचं पुनरुत्थान मंडळीनं कधी नाकारलं नाही. कॅथलिकांना १९६३ पासून दहनाची मोकळीक आहे. २०१६ च्या सूचनेनुसार राख मात्र उधळायची नाही, पवित्र जागी ठेवायची. प्रॉटेस्टंटांत बंदी नाही, रीत दफनाची आहे. जागेसाठी ग्रामपंचायतीकडं लेखी अर्ज करा, तोंडी सांगून काही होत नाही. आणि हे मयत होण्याआधी करा.

१३. मेलेला माणूस भूत होऊन फिरतो का?

नाही. लूक १६ मधल्या मेलेल्या श्रीमंताला भावांना निरोप द्यायलाही परत येता आलं नाही. अंगात येणं, भानामती यांचा संबंध मेलेल्याशी लावू नका. आणि कोणी कोणाला चेटकीण ठरवत असेल तर प्रार्थनेसोबत पोलिसांनाही कळवा. राज्यात २०१३ पासून त्यावर कायदा आहे.

१४. नरक खरंच आगीचा आहे? आणि कायमचा?

मराठी बायबलमध्ये ‘नरक’ वाचलं की आपल्या डोळ्यांपुढं यमदूत आणि उकळत्या कढया येतात. येशूचा शब्द ‘गेहेन्ना’ होता, म्हणजे यरुशलेमजवळची हिन्नोमची दरी, जिथं पूर्वी लोकांनी आपली लेकरं आगीत बळी दिली होती. ऐकणाऱ्याला तो शब्द नुसत्या शिक्षेपेक्षा भयंकर वाटत असणार.

बहुतेक मंडळ्या शिक्षा सार्वकालिक मानतात. काही ख्रिस्ती म्हणतात की शेवटी दुष्टांचा नाश होतो, यातना चालू राहत नाहीत. सगळेच शेवटी देवाकडं परततील, हे मत तिसऱ्या शतकातल्या ओरिगेनच्या नावावर सांगतात, पण मुख्य मंडळ्यांनी ते स्वीकारलं नाही. मला मत्तय २५:४१ मधला एक बारकावा सोडत नाही: ती आग सैतान आणि त्याच्या दूतांसाठी तयार केलेली, असं तिथं म्हटलंय. माणसांसाठी ती तयार केल्याचं लिहिलेलं नाही. माणूस तिथं जातो तो ‘नाही’ म्हणत म्हणत (प्रश्न ५ मधला फारो).

१५. बाप्तिस्मा व्हायच्या आधीच बाळ गेलं. त्याचं काय?

दाविद राजाचं बाळ सातव्या दिवशी गेलं तेव्हा तो म्हणाला, मी त्याच्याकडं जाईन, ते माझ्याकडं परत येणार नाही (२ शमुवेल १२:२३). निवड देवाचीच म्हणणाऱ्या डॉर्टच्या कडक सभेनंही विश्वासू आईबापांना अशा लेकराबद्दल शंका बाळगू नका असं सांगितलं. कॅथलिकांत पूर्वी ‘लिंबो’ची कल्पना होती, म्हणजे अशी बाळं ना स्वर्गात ना नरकात, वेगळ्याच जागी असतात. ती कधी पक्का सिद्धान्त नव्हती, आणि २००७ मध्ये व्हॅटिकनच्या ईश्वरविद्या आयोगानं अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला सबळ कारण आहे असं म्हटलं. ज्या आयांना कोणी काही वेगळं सांगून रडवलं असेल, त्यांनी हे उत्तर तसं सांगणाऱ्यांना दाखवावं.

१६. गाडगेबाबांनी गावंच्या गावं झाडली, उपाशी माणसाला जेवू घातलं. येशूला प्रभू न मानता गेले. ते नरकात?

दरवर्षी डिसेंबरात हा प्रश्न येतो, बाबांची पुण्यतिथी आणि नाताळ चारपाच दिवसांच्या अंतरानं येतात म्हणून.

कडक उत्तर योहान १४:६ वरून येतं: माझ्याद्वारे आल्याशिवाय पित्याकडं कोणी येत नाही. आपल्या भागातल्या पुष्कळ मंडळ्या तेच शिकवतात. १९६४ मध्ये कॅथलिकांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं म्हटलं, स्वतःचा दोष नसताना ज्यांना सुवार्ता (येशूचा संदेश) कळली नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि विवेकाप्रमाणे वागतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. तेही ख्रिस्ताच्याच कृपेनं. पौलही मोशेचं नियमशास्त्र नसलेल्यांच्या हृदयावर लिहिलेल्या नियमाबद्दल बोलतो (रोमकरांस २:१४–१६).

माझं म्हणाल तर मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात न्यायाच्या वेळी उजवीकडं स्वीकारलेले आणि डावीकडं नाकारलेले, असे दोन्हीकडचे लोक चकित झालेले आहेत. उजवीकडचे विचारतात, प्रभू, आम्ही तुला भुकेला कधी पाहिलं? त्यांना माहीतच नव्हतं. शेंडगावच्या त्या झाडूवाल्याबद्दल एखादा पोरगेला उपदेशक व्यासपीठावरून निकाल देतो तेव्हा मला डावीकडच्यांचं आश्चर्य आठवतं.

१७. माझ्या भावानं कर्जापायी जीव दिला. लोक म्हणतात त्याला क्षमा नाही. खरंय का?

ताई, नाही. बायबलमध्ये असं कुठंच लिहिलेलं नाही.

पवित्र आत्म्याची निंदा सोडून कुठल्याही पापाला क्षमा नाही असं येशू म्हणाला नाही, आणि ती निंदा म्हणजे हे नव्हे. दाविदाचा सल्लागार अहिथोफेल, त्यानं जीव दिला, तरी त्याला बापाच्या थडग्यात पुरल्याची नोंद आहे (२ शमुवेल १७:२३), कुंपणाबाहेर नाही. कुंपणाबाहेर पुरायची रीत मंडळीनं नंतर काढली. कॅथलिकांच्या १९८३ च्या नियमसंहितेत अंत्यविधी नाकारायच्या यादीत आता ही माणसं नाहीत. त्यांचं धर्मशिकवणीचं पुस्तकही सांगतं की तीव्र मानसिक त्रास, यातना किंवा भीती यांनी जबाबदारी कमी होते, आणि अशांच्या तारणाची आशा सोडू नये. प्रश्न १ मधली लंगडी मर्जी इथं आठवा. तीन वर्षं पीक गेलं, बँकेचा माणूस दारात, झोप नाही, अशा माणसाच्या पायाखाली निवडायला किती वाट उरली होती, हे तोलणारा काटा माणसाच्या हातात नाही.

आणि हे वाचताना कोणाच्या स्वतःच्या मनात तसं येत असेल तर आजच कोणाला तरी सांगा. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. पाळकांकडं जा, माझ्याकडं या, रात्री दोनला आलात तरी चालेल.

१८. पोळ्यानंतर चार दिवसांनी आमचा बैल गेला. पोरगा विचारतो, तो स्वर्गात असेल का?

जुना कॅथलिक विचारवंत थॉमस अक्विनास याचं मत जनावरांच्या विरोधात होतं, पण त्यानं कधी वखर हाकला नसावा. अमुक बैल तिथं असेल असं बायबल सांगत नाही. सबंध सृष्टीच नाशाच्या दास्यातून मोकळी होईल, असं रोमकरांस ८:२१ सांगतं. आणि योनाच्या पुस्तकाचं शेवटचं वाक्य पाहा. देव त्या रुसलेल्या संदेष्ट्याला विचारतो, या शहराची मी कीव करू नये का? इथं एक लाख वीस हजारांहून जास्त माणसं आहेत, आणि गुरंही पुष्कळ आहेत. पुस्तक तिथंच, गुरांवर संपतं.

एवढं सांगितलं की पोरांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: तो मला ओळखेल का? त्याला प्रश्न ८ वाचून दाखवा.